कोर्टाचं पाणी

अप्पा, काल क्लबवाले घरी आले होते. सेक्रेटरी आता तो झालाय, ज्याला बॅकहँड शिकवता शिकवता तुम्ही कपाळाला हात लावायचात. डोक्यावर केस राहिले नाहीत त्याच्या, पण माझ्यासमोर अजून उभाच राहतो, बस म्हटल्याशिवाय बसत नाही. म्हणाला, "बाई, मातीचं कोर्ट काढून सिंथेटिक टाकावं म्हणतेत सगळे. पाणी नको, रोलर नको, पावसाळ्यात बंद ठेवायची कटकट न्हाई. पण अप्पांचं कोर्ट हाय ते. तुम्ही हाव म्हणलात तरच हात लावू, न्हाई तर राहू द्या." मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोर्टाचं काही निघालं की आधी तुम्हाला विचारावं असं वाटतं. याला काय म्हणावं, मला कळत नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. कालपर्यंत आपण उस्मानाबादचा तालुका, आणि एकाएकी गावात रोज नवी पाटी. तुमची बदली औशाच्या तहसिलीतून नव्या कलेक्टर कचेरीत झाली आणि आपण भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. साहेब लोकांना संध्याकाळी खेळायला काहीतरी हवं होतं, तेव्हा टेनिसचं कोर्ट मी करून देतो म्हणून तुम्हीच पुढं झालात. नांदेडच्या क्लबात आजोबा माळी होते, तिथं साहेबांचे चेंडू वेचता वेचता तुम्ही खेळ शिकलात, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. आई म्हणायची, "झालं सुरू यांचं नांदेडपुराण." मुरूम आला, गाळाची माती आली, विटांचा चुरा आला. कचेरी सुटली की तुम्ही धोतर खोचून रोलर ओढायचात, आणि मी मागून ढकलायचे. मातीचं कोर्ट म्हणजे दुभती म्हैस, एक दिवस जरी बघितलं नाही तरी आटते, असं तुम्ही म्हणायचात. रोज पाणी शिंपायचं, रोज दाबायचं, रोज चुन्याच्या रेघा मारायच्या. एकदा मी चपला घालून त्यावरून आडवी गेले, तर पोरांसमोर मला असं झापलंत की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.

आणि मग दुष्काळ. जिल्हा नवा, पाट्या नव्या, आणि नळाला पाणी नाही. विहिरी खडखडीत. साहेब म्हणाले, कोर्ट बंद ठेवा, लोक घागरी घेऊन फिरतायत, बरं दिसत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण तुम्ही ऐकणाऱ्यातले थोडेच. तुम्ही घरातल्यांना परातीत उभं राहून अंघोळ करायला लावलीत. परातीतलं पाणी बादलीत, बादली सायकलीला, सायकल कोर्टावर. खेळायला येणाऱ्या पोरांनाही तोच नियम लावलात: अंघोळीचं पाणी आणील तो खेळील. फक्त साबण लावायचा नाही. साबणाच्या पाण्यानं मातीवर बुळबुळीत थर धरतो, पाय टिकत नाही, म्हणून हरभऱ्याच्या पिठानं अंग चोळायचं. आपण फार मोठं डोकं चालवलं, असं तुम्हाला वाटायचं. आम्ही मायलेकी परातीत अंग चोरून उभ्या राहायचो आणि तुम्ही बाहेरून विचारायचात, "सांडलं का काही?"

हे सगळं कशासाठी, तर नांदेडची टीम येणार होती. मैत्रीचाच सामना, पण तुमच्यासाठी मैत्री कसली? ज्या क्लबात चेंडू वेचले, त्याच क्लबाची माणसं तुमच्या हातच्या कोर्टावर येणार होती. आठ दिवस तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठून कोर्टावर जात होतात.

तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही पांढरी पँट घातली आहे, आईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली. नांदेडचे लोक जीपमधून उतरून कोर्टाकडं बघत राहतात. एक जण म्हणतो, "आमच्या गोदावरीकाठी असं न्हाई हो, तुम्ही दुष्काळात कसं ठेवलं?" तुम्ही हसता. पहिला सेट तुम्ही घेता. दुसऱ्यात मागच्या रेषेच्या डाव्या कोपऱ्यात चेंडू येतो, तुम्ही पळता, आणि कुणी खालची सतरंजी ओढावी तसा पाय निसटतो. गुडघा कुठल्या कुठं वळतो. मी धावत येते, खाली बसते, आणि त्या ओल्या मातीचा मला वास येतो. साबणाचा. तुम्हालाही आलेला असतो. तुम्ही माझ्याकडं बघता आणि हळूच म्हणता, "गप बस."

घरी तुम्हाला खाटेवर टाकलं. गल्लीतली माणसं गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलंत, "साबण लावला का गं?" आई भाकरी थापत होती. हात थांबवले नाहीत तिनं. "लावला. आज न्हाई, चार दिस झाले लावून राहिले. महिनाभर पिठानं आंग धुतलं मी. शेजारीण इचारती, तुमच्याकडं रोज दिवाळी हाय का म्हणून. आंग माझं हाय, कोर्ट न्हाई." तुम्ही वर पत्र्याकडं बघत पडून राहिलात. मला वाटलं, आता होणार भांडण. तुम्ही मला जवळ बोलावलंत, खिशातून पैसे दिलेत आणि चंदनाच्या साबणाची वडी आणायला पाठवलंत. आणली. "दे तिला," म्हणालात. आईनं वडी घेतली, फळीवर ठेवली, आणि चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून रडली. त्या दिवसापासून परात बंद झाली. पाऊस येईपर्यंत कोर्ट भेगाळून पडलं, आणि तुम्ही लंगडत जाऊन ते नुसतं झाडत होतात.

तुमचा गुडघा काही पुन्हा धड झाला नाही. खेळणं संपलं, शिकवणं राहिलं. जाळ्याच्या खांबाशी लोखंडी खुर्ची टाकून तुम्ही बसायचात, आणि पळायला मी. पोरांना चेंडू टाकायला मी, फटका मारून दाखवायला मी, रोलरला मी. "माझी लेक म्हणजे माझे पाय," असं तुम्ही लोकांना कौतुकानं सांगायचात. लोक वा वा करायचे. अप्पा, कुणाचे पाय होणं ही काय सुखाची गोष्ट आहे का? सोलापूरला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. तुम्ही "जा की" म्हणालात. एकदाही अडवलं नाहीत. पण म्हणताना तुम्ही कोर्टाकडं बघत होतात. आई म्हणाली, "बघू नको तिकडं, नीघ तू." मी निघाले नाही. इथंच शाळेत खेळाची बाई झाले, इथंच लग्न केलं, आणि सकाळी पाचला पाणी, संध्याकाळी पोरं. तुम्ही गेलात तेव्हा तिसऱ्या दिवशी मी कोर्टावर होते. लोक म्हणाले, काय निष्ठा. कसली डोंबलाची निष्ठा, माती वाळली असती, बाकी काय.

माझ्या हाताखालून चांगली पोरं निघाली, नाही असं नाही. बिलोलीकडची एक मुलगी मावशीकडं राहून खेळायची, ती विद्यापीठापर्यंत गेली. आनंद झाला मला. पण दमले हो. खांदा उचलत नाही, पायऱ्या चढवत नाहीत. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी बोअरच्या बादल्या मोजून मातीवर ओतत होते, आणि कुंपणापलीकडं बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीकडंही मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

तर काल चहा घेऊन बाहेर आले आणि सेक्रेटरीला म्हणाले, "काढा." त्यालाच खरं वाटेना. "विचार करून सांगा बाई, घाई न्हाई." म्हटलं, केला विचार, पोरांच्या पायाला काय चांगलं ते टाका, मला पुन्हा विचारायला येऊ नका. तुम्ही असतात तर रागावला नसतात, मान डोलावून "जशी तुझी मर्जी" म्हणाला असतात. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. रागावला असतात तर भांडून मोकळी झाले असते केव्हाच.

हे कागद कुठं पाठवणार मी? पाठवायची सोय असती तरी पाठवले नसते, कारण शेवटी जे लिहितेय ते तुम्हाला सोसलं नसतं. आज पाचला जाग आली. माती वाळत असेल, हे मनात आलं. मी कूस बदलून पडून राहिले, ऊन खिडकीत येईपर्यंत. तुम्ही गेलात हे आज मला पहिल्यांदा खरं वाटलं, अप्पा, आणि बरं वाटलं.