पाच दिवस मंजूर

केंब्रिज, ७ मार्च १९९९

प्रिय गिल,

सव्वादोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलं असशील, तर तुझं काही चुकलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काहीतरी शहाणपणा करून बसेन. म्हणून पत्रच बरं.

मी ठीक आहे. पाठ तेवढी कुरकुरते. आईचा रविवारचा फोन एकदाही चुकलेला नाही. तू बेकरीत लागलास हे तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, "गोड पाव आता तो करतो. हाताला चव आहे त्याच्या. आणि काय गं, माझ्या मयताला तरी बोलाल ना एकमेकांशी?" मी म्हटलं, "तुला एवढ्यात काही होत नाही." तर म्हणते, "तेच म्हणते मी. तोवर किती वाट बघू?"

आता मुद्द्याचं. अठरा तारखेला, गुरुवारी सकाळी दहा वाजता बॉस्टनला विधिमंडळाच्या समितीची सुनावणी आहे. राज्यातल्या गरीब मनोरुग्णांची देखभाल पाच वर्षांसाठी एका कंपनीकडे सोपवायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं आहे. एकदा करार झाला की रुग्ण किती दिवस इस्पितळात राहील हे डॉक्टर ठरवणार नाही. कंपनीच्या कचेरीत फोनवर बसलेलं कुणीतरी ठरवील. या पद्धतीचा अभ्यास करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. तुझे तिच्यात पाचच दिवस गेले, पण ती तुला माझ्यापेक्षा जास्त कळते.

समितीच्या कागदांत सगळ्यात वर माझा १९९६ चा लेख लावलाय. नोकरीतून विमा मिळणाऱ्या लोकांवरचा. इस्पितळातले दिवस निम्मे केले तरी वर्षभरात शंभरातल्या फक्त नऊ जणांना पुन्हा भरती व्हावं लागलं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे दिवस कापा, कुणाचं काही बिघडत नाही. त्या लेखाने मला नाव दिलं, पद दिलं. परिषदांमध्ये लोक मला 'नऊवाली बाई' म्हणतात, आणि मला ते आवडायचं.

गुरुवारी मी तिथे जाऊन सांगणार आहे की तो लेख चुकीचा आहे.

चूक कुठे झाली ते सांगते, फार अवघड नाही. आमच्यापाशी याच कंपनीकडे आलेल्या बिलांची यादी होती. माणूस पुन्हा भरती झाल्याचं बिल दिसलं की त्याच्या नावापुढे एक, नाही दिसलं की शून्य. शून्य म्हणजे परत आला नाही, म्हणजे बरा आहे. पण आजारपणात ज्याची नोकरी गेली, त्याचं विम्याचं कार्डही गेलं. मग त्याला पोलिसांनी उचलून सरकारी इस्पितळात टाकलं तरी त्याचं बिल कंपनीकडे येणारच नाही. आमच्या यादीत तो शून्य, ठणठणीत. आमच्या धंद्यात सगळे असंच मोजतात. ज्याचं बिल नाही ते घडलंच नाही. लेख तीन तज्ज्ञांनी तपासला, एकालाही शंका आली नाही.

शंका तुला आली. १९९६ च्या नाताळात, आईकडे, सूपची वाटी हातात घेऊन, आपल्या पोर्तुगीजमध्ये ताई म्हणून हाक मारत तू विचारलंस, "माना, कार्ड गेलेली माणसं तुझ्या कागदात कुठे बसतात?" सगळ्यांसमोर मी म्हटलं, "गिल, हे एकेका माणसाचं नसतं रे, हजारोंचं असतं." तू वाटी ठेवलीस, कोट उचललास आणि गेलास. मी आईला म्हटलं, जाऊ दे, त्याचा स्वभावच तसा झालाय. तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेले आठ महिने मी सरकारी इस्पितळांच्या याद्या मागवून त्या आमच्या यादीशी ताडून पाहिल्या. नवाचे तेवीस झाले, गिल. शंभरात तेवीस.

आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख प्राध्यापक व्हिटकॉम यांना तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलं आहे, ते लांब मानेचे. त्यांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"नताली, दुरुस्ती करू की. सावकाश. पुढच्या लेखात एक तळटीप टाकू."

"करार अठरा तारखेला ठरतोय, सर."

"म्हणूनच सांगतोय. केंद्राचा निम्मा निधी कुठून येतो ते तुला माहीत आहे."

"त्याच कंपनीकडून."

"मग जूनमध्ये तुझी खोली रिकामी करावी लागली, तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

मी कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून सहा रिकामी खोकी आणून ठेवली आहेत. पुस्तकं चांगली बसतात त्यांत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? एक्कावन्नाव्या वर्षी मला नव्याने कोण घेणार? पण जाणार आहे. त्याबद्दल आता कुणाशी वाद घालायचा नाही.

इथवर लिहून मी उठले. भांडी घासली, आधीच घासलेली. खरं सांगायचं होतं ते अजून सांगितलेलंच नाही.

त्या यादीत नावं नसतात. जन्मसाल असतं, गाव असतं, भरतीची तारीख असते. १९९५ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी मी पानं तपासत होते, आणि एक ओळ आली. पुरुष, जन्म १९५८, फॉल रिव्हर. डॉक्टरांनी मागितले चौदा दिवस, मंजूर पाच. तारीख तीच होती, ज्या दिवशी मी तुला माझ्या गाडीतून इस्पितळात नेलं होतं. शेवटच्या रकान्यात शून्य.

आदल्याच दिवशी, रविवारी, नोकरी आणि कार्ड गेल्यावर तुला जिथे टाकलं होतं त्या सरकारी इस्पितळात मी तुझ्याजवळ बसले होते. आईने गोड पाव दिला होता. तुझे हात इतके थरथरत होते की मी तो तोडून तुकडा तुकडा तुझ्या हातावर ठेवला. आणि सोमवारी त्या शून्याकडे बघत होते. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पेन्सिल हातात होती. मी स्वतःला समजावलं, नियम म्हणजे नियम, भाऊ आहे म्हणून एक ओळ बदलणं ही लबाडी. हे अर्धं खरं. पुरतं खरं असं की त्या एका शून्याबद्दल विचारलं असतं तर बाकीच्या सगळ्या शून्यांबद्दल विचारावं लागलं असतं, आणि लेख होत आला होता. मी पान उलटलं.

म्हणून नाताळात मी तुला तसं तोडून बोलले. तू माझी चोरी पकडली होतीस, आणि तुला ते माहीतही नव्हतं.

माफी मागायला तोंड नाही. एकच विचारते. तिथे बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माझ्या लेखातल्या शून्यांतलं एक माझा भाऊ होता, आणि मला ते ठाऊक होतं, असं मला सांगायचं आहे. तू हो म्हटल्याशिवाय तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. नाही म्हणालास, तर फक्त माझ्या वाट्याचं सांगेन.

चुकलेली, पण गुरुवारी दहाला हजर असणारी,
तुझी नताली

*

फॉल रिव्हर, १२ मार्च

माना,

पाकीट दोन दिवस पिठाच्या पोत्यावर पडून होतं. काल फोडलं. त्या शून्यापाशी आल्यावर पुढे वाचवेना, बाहेर जाऊन चार पावलं चालून आलो. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला कळत नाही. तुला कळत होतं, हे जास्त वाईट आहे. माझा राग गेलेला नाही. एका पत्राने जायचाही नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. पाचव्या दिवशी नर्स माझे कपडे घेऊन आली. मी विचारलं, "मी बरा झालो का?" ती खाली बघून म्हणाली, "फोनवरून तसं कळलंय."

हे तुझ्या तीन मिनिटांत मावणार नाही. आपल्या घरात 'कशी आहेस' विचारायलाच दहा लागतात. म्हणून मीच येतोय. दारातल्या कागदावर नाव लिहिलं की कुणालाही बोलता येतं, असं बेकरीच्या मालकिणीने फोन करून विचारून घेतलं. तुझं तू सांग, माझं मी सांगेन. बाबांचा कोट घालणार आहे, हसायचं नाही. तुझ्या शेजारी बसायचं की नाही ते तिथे आल्यावर बघू. पाव आणतोय. तुझेच हात थरथरले तर मी तोडून देईन.

दारातल्या कागदावर हे लिहिणार आहे, तूही बघून ठेव:

गिल्बर्ट अरुडा, जन्म १९५८, फॉल रिव्हर.
मंजूर दिवस पाच. त्यानंतर सरकारी इस्पितळात अकरा आठवडे.