माशांच्या पेटीवरची काडी

बाबा, घरात माशांची काचेची पेटी आली आहे असं कळलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतं, दिली कोणी आणि का दिली. कारखान्यातला गोरा साहेब स्वराज्यानंतर विलायतेला परत निघाला, तेव्हा जाताना ती मला देऊन गेला. का, ते मी त्याला विचारलं नाही, पण मनात विचारलंच. बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, देवघराशेजारी खिडकीखाली ती ठेवली आहे. चार लाल मासे, तळाला नदीची वाळू आणि वाळूत लावलेलं पाणगवत. पूजा आटोपली की मी थोडा वेळ तिच्यापुढे बसतो. हिरव्या पात्यांमधून मासे हलतात आणि मला बदलापूर गावातलं आपल्या देवळामागचं तळं दिसतं.

पाणगवत दिलं ते माझ्या खात्यातल्या सोबत्याने. तो सिंधी, घरदार टाकून आलेला, उल्हासनगरला कॅम्पातल्या बराकीत राहतो. तिथेही बराकीमागे लोखंडी पिंपात त्याने मासे पाळलेत. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने गवत आणलं आणि स्वतःच्या हाताने वाळूत खोचलं. दर रविवारी चहाला यायचा, पेटीपुढे उकिडवा बसायचा, झाकण सरकवून एखादं पिवळं पान खुडायचा. "साईं, कभी पेटी निकालनी हो तो पहले मेरे को बोलना," असं तो एकदा म्हणाला. मग आणखी एकदा म्हणाला. ते मी विसरलो नाही.

पुढे काचेवर गोगलगायी दिसू लागल्या. आधी मोहरीएवढी एखाददुसरी, मग जिकडेतिकडे. गवताची कोवळी पाती कुरतडलेली, पात्यांखाली अंड्यांचे बुळबुळीत ठिपके. वेचून काढाव्यात तर आठवड्यात पुन्हा तेवढ्याच. जीव आहे म्हणून मारायला हात धजेना. सोबत्याला दाखवलं तर म्हणाला, "चुटकी भर नीला थोथा डालो, सब साफ." नीला थोथा म्हणजे आपलं मोरचूद. ते पाण्यात टाकल्यावर मासे तरी राहतील का? गवत त्याने आणलं, गोगलगायी त्यातून आल्या, औषधही तोच सांगतोय. मासे मेले की पेटी रिकामी, आणि रिकामी पेटी कोण मागणार ते ठरलेलं.

मी हे घरात हिला बोलून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, तो माणूस गाव, शेत, सगळं तिकडे टाकून आला. तुमच्या गोगलगायींत त्याला काय मिळणार?"

"तुला माणसं कळत नाहीत."

"तुम्हाला कळतात ना, मग झालं."

मग मला ऐकू आलं की माझं ते 'तुला माणसं कळत नाहीत' हे वाक्य तुमचं होतं. आई चुलीपुढे बसली आहे, तुम्ही तुपाची काचेची बरणी उजेडाला धरली आहे. बरणीवर तुम्ही काजळाची रेघ ओढलेली असायची, आणि तूप रेघेखाली गेलं आहे. "बोल, बोट कोणी घातलं?" मी घातलं नव्हतं. थंडीत तूप थिजलं की खाली बसतं, हे मला फार पुढे समजलं. दाराच्या कडीत तुम्ही भाताची काडी खोचून जायचा, म्हणजे मागे कोणी दार उघडलं तर कळावं. काकांनी बांध सरकवला असा तुम्हाला संशय आला, त्यानंतर तुम्ही त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. ते गेले तेव्हाही तुम्ही बांधावरूनच पाहत होता.

मीही काडी ठेवली, बाबा. झाकण आणि काचेच्या फटीत, बाहेरून दिसणार नाही अशी. रविवारी सोबती आला, सवयीने झाकणाकडे त्याचा हात गेला, आणि मी म्हणालो, "हात लांबच ठेव. तुझा हात लागला की आत गोगलगायींचं पीक वाढतं." तो आधी हसला. मग माझ्याकडे नीट पाहून त्याने कप खाली ठेवला. "अच्छा, साईं," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारखान्यात लांबूनच मान हलवायचा.

तो येत नव्हता, तरी काडी पडलेली असायचीच. गोगलगायीही वाढतच होत्या. एका सुट्टीच्या दुपारी मी बाही वर करून हात तळाला घातला. गवताच्या मुळाशी भाताची फुगलेली शितं, त्यांवर गोगलगायी खच्चून बसलेल्या. पाण्यावर तुळशीचं पान. भातावर तुळस ठेवतात ती नैवेद्याच्या. मी हिला बोलावलं.

ती जराही गडबडली नाही. "गावाला गोग्रास गाईला जात होता. या चाळीत गाय कुठून आणू? मुका जीव म्हणून माशांना घालते."

थोरली लेक दारातून म्हणाली, "मीपण घालते, बाबा. शाळेत जायच्या आधी." आणि पूजा झाल्यावर प्रसादाची चिमूट सोडणारा मी. माझी चिमूट सोडून झाली की मगच मी काडी ठेवायचो. एका गाईचा घास आम्ही तिघं चार बोटभर माशांना घालत होतो, आणि उरलेल्यावर गोगलगायी पोसल्या जात होत्या.

तुम्ही काकांकडे गेला नाहीत. मी कॅम्पात गेलो. सोबती पिंपापाशी होता. "आओ साईं, पेटी बेचने आए?" म्हणाला. त्याच्या पिंपातही गोगलगायी होत्या, पण थोड्या. "घास के साथ आते हैं, थोड़े रहने दो. खिलाते कितना हो?" मी गोग्रासाचं सांगितलं तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मछली नहीं साईं, तुमने गाय पाली है." मग सांगितलं, खाणं आवरलं तर नीला थोथाही नको, संध्याकाळी कोबीचं पान सोडायचं, सकाळी पानाला चिकटलेल्यांसकट काढायचं. बाकी त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता पानावरच्या गोगलगायी मी तांब्यात घालून नदीला सोडून येतो. गोग्रास लेक पालेगावच्या गवळ्याच्या गाईला नेऊन देते. पाती पुन्हा फुटली आहेत. सोबती रविवारी येतो, चहा घेतो, पण पेटीपुढे बसतो तेव्हा हात पाठीमागे बांधून बसतो. मी म्हणतो, अरे, ते पिवळं पान काढ ना. तो म्हणतो, "तुम ही निकालो, साईं."

तुम्ही राहिला नाहीत, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं लिहितो. पन्नाशीला आलो तरी काडी ठेवायची सवय गेली नाही. परवा सोबती चहा घेऊन गेल्यावर मी वाकून पाहिलं. काडी जागेवर होती. मला बरं वाटलं, बाबा, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.