एका चेहऱ्याच्या दोघी

निफाड,
दि. १२ ऑगस्ट १९८३

ती. भिकनदादास,
विमलचा सप्रेम जय भीम.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. कचेरीत दिवसभर लोकांचे अर्ज लिहितोस आणि बहिणीला लिहायचं म्हटलं की शाई संपते, हे बरं आहे. इकडे सगळे खुशाल. मला पाचवा महिना लागलाय. सासूबाई सकाळी उठल्याबरोबर दुधाचा पेला घेऊन मागे लागतात. शाळेतल्या मुलींना कसं कळलं कोण जाणे, त्या हजेरीपट सुद्धा मला उचलू देत नाहीत.

दादा, एक काम आहे, आईला न सांगता कर. चांगुणाच्या डॉक्टरांना भेट आणि स्पष्ट विचार, की जुळ्या बहिणीला हा आजार होतो का, आणि तिच्या मुलाला? तुला ठाऊक आहे, आम्ही दोघी डी.एड.च्या परीक्षेला बसलो तेव्हा परीक्षक मला म्हणाले होते, की बाई, तुमचा पेपर तर तुम्ही मघाशीच दिलात. इतकं आमचं तोंड एक. त्याच उन्हाळ्यात ती सांगायला लागली की रेडिओवरची माणसं आपलं नाव घेऊन बोलतात. तेव्हापासून मी वेणी घालताना आरशात फार वेळ बघत नाही. परवा वर्गात खिडकीबाहेर कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. बाहेर खरंच शिपाई होता, पण तो दिसेपर्यंत मी फळा सोडून खिडकीशी गेले होते.

आईला आणि चांगुणाला जय भीम सांग. माया आहे तशी असू दे.
तुझी,
विमल


नाशिकरोड,
दि. २९ ऑगस्ट १९८३

चि. सौ. विमल हिस,
भिकनचे अनेक आशीर्वाद. यावेळी दोन पानं लिहितोय, तक्रार करू नकोस.

डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, एका बीजाच्या जुळ्यांमध्येही एकाला हा आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्या जणांना होत नाही. मी म्हटलं, रक्त एकच, मग असं कसं? त्यावर म्हणाले, बीजात जे जे असतं ते सगळं जागं होतंच असं नाही. काय जागं होईल आणि काय निजून राहील, ते पोटातल्या दिवसांपासून पुढे खाणंपिणं, आजारपण, धसके, माणसाला मिळालेली वागणूक अशा कितीतरी गोष्टींवर ठरत असावं. बाहेरच्या देशांत यावर काम चालू आहे, पण खात्रीचं उत्तर आज कुणाकडेच नाही. तू सत्तावीस वर्षांची झालीस, नोकरी करतेस, झोप नीट लागते, तेव्हा भीत बसू नकोस असा त्यांचा निरोप आहे. मुलाबद्दल विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही. बाहेर रांग होती, असं मी स्वतःला सांगितलं.

आता आईचं ऐक. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यावर ती ठाम आहे. पण तू येशील त्या आठवड्यात चांगुणाला याही वेळी, आणि आता बाळंतपण होईपर्यंत, देवळ्याला मावशीकडे पाठवायचं म्हणते. एका जुळीला ताप आला की दुसरीला येतो, तसंच हेही जातं, पोटुशीनं तर तिचं तोंडही बघू नये, असं तिच्या डोक्यात बसलंय. मी म्हटलं, आई, दीक्षा घेऊन आपण देव्हारा काढला त्याला सत्तावीस वर्षं झाली आणि तू हे काय धरून बसलीस? तर म्हणाली, देव सोडले, लेकरं नाही सोडली.

चांगुणा गोळ्यांवर बरी आहे. शेजारणींचे ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. मावशीकडे तिचं कसं होईल याची मला चिंता आहे. तू म्हणशील तसं करू.
तुझा,
दादा


निफाड,
दि. १० सप्टेंबर १९८३

ती. भिकनदादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं. त्यातलं ‘निम्म्या’ हे एकच मनात राहिलं. उरलेल्या निम्म्या कुठे जातात, ते मला रोज घरात दिसत नाही म्हणून मी सुखात आहे.

मी काय म्हणते ते ऐकून तुला राग येईल. चांगुणाला पाठवा. आईला वाटतं म्हणून नव्हे, मलाच भीती वाटते. ती समोर आली तर मला माझंच दुसरं आयुष्य दिसेल. लग्न झाल्यापासून मी आले की तुम्ही तिला देवळ्याला धाडता आणि मी कधी विचारलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं.

आणखी एक. ह्यांना आणि सासूबाईंना मला बहीण आहे हेच माहीत नाही. लग्नात आईनं सांगू दिलं नाही, नंतर मी सांगितलं नाही. आता तर तोंड उघडण्याची सोयच राहिली नाही. तेव्हा तूही काही बोलू नकोस. नोव्हेंबरात येते. मला दूर लोटू नकोस.
विमल


निफाड,
दि. २० डिसेंबर १९८३

चि. सौ. विमल हिस,
देवरामचा जय भीम. तब्येतीला जप, असं आधी लिहितो, कारण पुढे काय लिहून होईल सांगता येत नाही.

काल दुपारी ‘तुला’ आपल्या घरी आणून सोडलं. आपले नाथा बागायतदार, ज्यांची मुलगी तुझ्या वर्गात आहे, त्यांनी तुला पिंपळगावच्या एस.टी. स्टँडवर पाहिलं. पायात चप्पल नाही, हातात साडीची पिशवी, तोंडानं पुटपुटणं चालू. बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, बाळाचंही काही बरंवाईट झालेलं दिसतंय, असं म्हणत ते जीपमधून घेऊन आले. मीही क्षणभर तेच समजलो. माझ्या आईनं हंबरडा फोडला. तुझे पाय धुतले, जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर तिनं सांगितलं, मी विमल नाय, चांगुणा हाय, विमल माझी बहीण.

विमल, तीन वर्षांत तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही? आजाराचं मला नवल नाही, आमच्या कचेरीतल्या फकिराचा भाऊ असाच आहे. पण ही बाई इथे बसून तुझं लहानपण सांगते आणि मला त्यातलं काहीच माहीत नाही. आई विचारते, होणाऱ्या लेकराचं काय? गावात मात्र झालंय की शाळेतल्या बाई वेड्या झाल्या. उद्या शाळेतून विचारणा होईल. मी काय सांगू? तुझ्याकडून उत्तर येईपर्यंत ती इथेच राहील. रात्री झोपत नाही, पण कुणाला त्रासही देत नाही.
देवराम


नाशिकरोड,
दि. २३ डिसेंबर १९८३

तीर्थस्वरूप यांस,
विमलचा सविनय जय भीम.

पत्र वाचून आई भिंतीला टेकून बसली ती उठेना. दादा लगेच देवळ्याला गेला. गोळ्यांनी ती पेंगते, कांद्याची रोपं लावायला उपयोगी पडत नाही, म्हणून मावशीनं महिनाभरापूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. चार दिवस ती बेपत्ता होती आणि मावशीनं भीतीपोटी आम्हाला कळवलंही नाही. दोष मावशीचा नाही, आमचा आहे. मी यावं म्हणून तिला घराबाहेर काढलं.

तुमच्यापासून लपवलं, त्याची माफी कुठल्या तोंडानं मागू? तुम्ही सोडून द्याल असं वाटायचं. त्याहून खरं म्हणजे, बोलले की ते माझ्याही बाबतीत खरं होईल असं वाटायचं.

काल मी स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि दादाला विचारवलं नाही ते विचारलं. ते म्हणाले, मला आजार झाला नाही तरी बीज दोघींचं एकच, म्हणून माझ्या मुलाला आणि चांगुणाच्या मुलाला धोका सारखाच, दहात एकाच्या आसपास. बाकीचे नऊ नीट वाढतात. सासूबाईंना हे असंच सांगा, कमी करून सांगू नका. ऐकून त्यांना काय वाटेल ते मी सोसेन.

शाळेत आणि गावात खरं सांगा, की ती बाईंची जुळी बहीण आहे आणि आजारी आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

दादा हे पत्र आणि गोळ्या घेऊन येतोय. डॉक्टरांनी मात्रा लिहून दिलीय, पहिले काही दिवस तुम्ही स्वतः समोर उभं राहून द्या. मी आईला सांगितलंय, चांगुणा या घरात राहणार नसेल तर माझं बाळंतपणही इथे होणार नाही.

तिला इकडे आणायची घाई करू नका. आधी तिला विचारा, तुला विमलकडे यायचंय का. नाही म्हणाली तर तिला तिथेच राहू द्या आणि मला न्यायला या. देवळ्याला पाठवताना आम्ही तिघांनी आपसात सगळं ठरवलं. तिला कुणीच विचारलं नव्हतं.

तुमची माया माझ्यावर उरली असेल तर त्यातली अर्धी तिला द्या.
विमल