बघायची खुर्ची

बाबा, तुमची काळी खुर्ची अजून आहे. वाशीच्या त्याच घरात, आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीशी, तुम्ही जिथे उभी केली होतीत तिथेच. आई गेल्यावर घर माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर खुर्चीही. मधल्या काळात भिंतींना किती रंग लागले, खिडकीतून दिसणारी खाडी इमारतींच्या मागे गेली, खुर्ची मात्र हलली नाही. येणारा प्रत्येक जण विचारायचा, ही अशी काय हो उंच? मी सांगायची, माझ्या वडिलांनी केलीय, बसायची नाही, बघायची आहे. लोक हसायचे आणि पलंगावर टेकायचे. एवढ्या वर्षांत तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. तुमच्या नातीच्या डोहाळजेवणापर्यंत. तेच सांगायला हे लिहायला घेतलंय.

ते चित्र तुम्हाला ऑफिसच्या लायब्ररीत सापडलं होतं. दिवसभर तुम्ही या नव्या शहराचे नकाशे काढायचात, जिने, गटारं, बसथांबे, आणि जेवणाच्या सुट्टीत परदेशी पुस्तकं चाळायचात. एका संध्याकाळी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन घरी आलात आणि ती थेट आईच्या पोळपाटाशेजारी उलगडलीत. अरुंद बैठक, आणि माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली पाठ. शिडीसारख्या आडव्या पट्ट्या खाली पार जमिनीजवळ पोचलेल्या, आणि वरच्या टोकाला छोट्या छोट्या चौकोनांची जाळी. "तुझ्या पणजोबांच्या काळातली आहे," तुम्ही मला म्हणालात. "तिकडे स्कॉटलंडमध्ये एका आर्किटेक्टनं एका घराच्या झोपायच्या खोलीसाठी काढली. त्याला पांढऱ्या भिंतीसमोर एक काळी रेघ हवी होती." आई लाटणं न थांबवता म्हणाली, "खुर्ची करताय की शिडी? शिडीच करा, माळ्यावरचे डबे तरी निघतील." तुम्ही हसला नाहीत. त्या चित्राने तुम्हाला पुरतं धरलं होतं.

मग गॅलरीत रंधा चालू झाला. कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दाराची सागवानी चौकट तुम्ही मिळवली होतीत. रविवारी मी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसते आहे, भुसा माझ्या वेणीत पडतो आहे, तुम्ही एक डोळा मिटून लाकूड नजरेच्या रेषेत धरता आहात. मागचे दोन खांब सर्वांत अवघड, कारण मागचे पाय आणि पाठ हे एकच सलग लाकूड. त्यातला डावा खांब तडकला. बैठकीच्या जरा खाली गाठ होती, तिथेच. दुसरं तेवढं लांब लाकूड नव्हतं. शेवटी तुम्ही दोन्ही तुकडे तिरके कापलेत, एकावर एक बसवलेत, सरस लावलात आणि सुतळीने करकचून आवळलंत. दिवे गेले होते, टॉर्च मी धरला होता. सरसाचा तो उग्र वास अजून माझ्या नाकात आहे. "आईला सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. "रंग चढला की दिसणार नाही. पण हिच्यावर कुणाला बसू द्यायचं नाही. ही फक्त बघायची."

तरीही मी एकदा बसायला गेलेच. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर बाकाबाकांमधून फिरायच्या आणि जिची पाठ मागे टेकलेली दिसेल तिच्या खांद्यावर बोट ठेवायच्या. मुलींनी ताठ बसायचं, पाठ लाकडाला लागता कामा नये. मला वाटलं, मी पाठ टेकवणारच नाही, मग काय बिघडतं? तुम्ही दारातून बघितलंत आणि माझा दंड धरून मला असं ओढलंत की बांगडी फुटली. आयुष्यात तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. "मी टेकणार नव्हते हो बाबा," मी रडत म्हणाले. तुम्ही खाली बसून माझ्या मनगटावरची काच काढत होतात. "टेक नाहीतर नको टेकूस. बसणाऱ्याचा सगळा भार मागे त्या जोडावरच येतो. आणि तो जोड किती धरेल ते मला माहीत नाही." तुमचा आवाज कापत होता. तेव्हा ते मला रागामुळे वाटलं. पुढे आई तिच्यावर इस्त्रीची साडी टाकू लागली, आणि तुम्ही चालवून घेतलंत. मूळ खुर्चीचंही म्हणे तेवढंच काम असावं.

आता डोहाळजेवणाचं. तुमच्या नातीचं हे तिसरं गरोदरपण आहे. आधीची दोन राहिली नाहीत. पहिल्या वेळी मी तिला सहज म्हणाले होते, "जिन्यावरून जपून गं, पडशील." पुढे जे झालं त्याचा त्या वाक्याशी काहीही संबंध नव्हता, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण माझ्या नणंदेने ते वाक्य लक्षात ठेवलं आणि चार जणींना सांगितलं. तेव्हापासून मी लेकीसमोर पडणं, मोडणं, तुटणं असले शब्दच काढत नाही. कप फुटला तरी "वाढला" म्हणते. या वेळी सातवा पार पडला तेव्हा तिची सासूच म्हणाली, आता थाटात करू. सासरची माणसं मूळची इथल्याच बोनकोडे गावची. भातखाचरं गेली, त्यांवर इमारती आल्या, पण घरातला गोतावळा आणि गळा तोच. लेक-जावई खारघरला राहतात. कार्य मात्र माहेरी, माझ्याकडे.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तुमचे जावई गेल्यापासून अशा कार्याला मी आपणहून ओट्यापाशी राहते. कोणी जा म्हणत नाही, आणि कोणी ये असंही म्हणत नाही. कोथिंबीर वड्यांचा शेवटचा घाणा काढून मी परात घेऊन बाहेर आले, आणि समोर तुमची खुर्ची. हॉलमध्ये, भिंतीला लावून. प्रत्येक पट्टीमधून तगरीच्या माळा ओवलेल्या, वरच्या जाळीत अबोली. खरं सांगते, बाबा, इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती. विहीणबाई समोर उभं राहून पोरांना सांगत होत्या, "आनखी वर लाव रं, त्या जालीत. आमची सून रानी दिसाया पायजे, रानी!"

माझ्या हातातली परात जड झाली. "ही खुर्ची नको हो," मी म्हणाले. "फार जुनी आहे."

"जुनी हाय म्हनूनच. तिच्या आजोबांची ना? मंग त्यांचा आशीर्वाद झाला."

"काळा रंग आहे, साडीला लागेल."

"मी हात फिरवून बघितला. कायपन लागत नाय."

"पलंगावर बसवू या ना, मागे लोड देऊन..."

"वहिनी," नणंद माझ्या कानाशी आली, "आता ऐन वेळी काहीबाही काढू नकोस हं. तुझं तोंड."

एक वाक्य पुरलं असतं. ती मोडकी आहे, आतून जोडलेली आहे, तिच्यावर बसली तर पडेल. सगळा हॉल बायकांनी भरलेला, समोर ओटीचं तबक, निरांजन लावलेलं. मला माहीत होतं की शब्दांनी काही होत नाही. इतकी शिकले आहे मी. तरी तोंड उघडेना. तेवढ्यात लेक आतल्या खोलीतून आली. हिरवी साडी, गळ्यात, दंडावर, केसांत फुलांचे दागिने, आणि चेहऱ्यावर ती भीतभीत येणारी खुशी, जी मी दोनदा विझताना बघितली आहे. तिने सासूचा हात धरला, निऱ्या आवरल्या, आणि बसण्यासाठी खुर्चीकडे पाठ केली.

मी परात टेबलावर टाकली आणि तिच्याआधी खुर्चीत बसले.

ओट्यावरच्या कढईतलं तेल तडतडत होतं तेवढाच आवाज. आणि माझ्या मागे, डावीकडे खाली, अगदी बारीक, टिक्. मी सगळा भार पायांवर घेतला. बघणाऱ्याला मी बसलेली दिसत होते, पण बैठकीला माझा स्पर्श होता तेवढाच. टाचा फरशीत रोवल्या होत्या, मांड्या थरथरत होत्या, आणि पाठ लाकडापासून चार बोटं लांब, सिस्टरांनी शिकवल्यासारखी.

"आई, काय चाललंय तुझं?" लेक पुटपुटली.

"गुडघे धरलेत गं. एकदम. जरा बसू दे."

"वहिनी, ऊठ," नणंदेचा आवाज चिरकला. "फुलं लावलेल्या खुर्चीत तू... अगं तुला कळतंय का?" पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. माझं कपाळ सगळ्यांना दिसत होतं. मागे बसलेल्या दोघीतिघींनी पदर सारखे केले. लेकीचे डोळे भरून आले होते, आणि ते माझ्यामुळे होते.

विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काय विहिनबाय, डोहालजेवन लेकीचं हाय का तुमचं?"

हशा पिकला. सगळ्या हसल्या, सुटल्यासारख्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि उठले नाही. मी उठले असते तर पुढच्या क्षणी तिला तिथे बसवलं असतं. हसणं ओसरलं तशा विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आधी तोंडाकडे, मग खाली, साडीच्या काठाकडे. माझ्या पोटऱ्यांबरोबर काठ हलत होता. त्यांनी खुर्चीच्या पाठीकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं, मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारणार, आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार.

"चौरंग काढा रं," त्या एकदम वळून म्हणाल्या. "आमच्यात पयली ओटी चौरंगावरच भरतात. मीच इसरली होती. लोड द्या मागं. चल गो बाय, बस हितं माझ्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी मी जावयांना विचारलं. त्यांच्यात अशी काही पद्धत नाही.

मग ओटी भरली गेली, गाणी झाली. मी तिथेच. फोटोंमध्ये बघायला हवंत तुम्ही. पुढे चौरंगावर तुमची नात, आणि प्रत्येक फोटोत तिच्या मागे मी, फुलांच्या शिडीत ताठ बसलेली, डोक्याच्या वर अबोलीची जाळी. नणंदेने ते फोटो अजून कुणाला पाठवलेले नाहीत. शेवटी झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि लेक कुठली उघडते ते बघायला सगळ्या जणी तिच्यावर वाकल्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पायांतली ताकद संपली होती. पण नुसतं तेच कारण नव्हतं, बाबा. मी पाय सैल सोडले आणि मागे टेकले. पूर्ण. पाठ, मान, डोकं, सगळं. तुमच्या पट्ट्या एकेक करून माझ्या मणक्याला लागल्या. ती आरामाची नाही, हे आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. खूप टोचते. पण डोक्याच्या दोन्ही बाजूंनी ती अशी वर जाते की आपण कुणाच्या तरी आड बसलो आहोत असं वाटतं.

तुमच्या जोडानं मला धरलं. तो किती धरेल ते माहीत नाही म्हणाला होतात ना? माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईला त्यानं धरलं.

जाताना विहीणबाई चपला घालत थांबल्या. "गुडघं कसं हाय?"

"बरे आहेत."

"आनि खुर्ची?"

"ती पण बरी आहे."

"मंग झालं," म्हणाल्या, आणि माझा गाल त्यांच्या खरखरीत बोटांनी चिमटीत धरून गेल्या.

फुलं काढून मी खुर्ची परत तिच्या जागी नेली. लेक पलंगावर पाय पसरून बघत होती. "बाळाच्या खोलीत ठेवू या का गं, खारघरला? मी बसत जाईन तिच्यावर, पाजायला."

"ती बसायची नाही."

"आज तू बसलीस की. मग कशाची आहे?"

"बघायची," मी म्हणाले, आणि तिच्या हनुवटीला लागलेला पेढ्याचा कण पुसला. ती रुसली आहे थोडी. नणंद तर बोलतच नाही. पोर हातात येईपर्यंत मी कुणाला काही सांगणार नाही, नंतरही बहुधा नाही. तुम्ही सांगू नको म्हणाला होतात.

एवढंच राहिलं. डाव्या खांबावर, बैठकीच्या जरा खाली, रंगात केसाएवढी तिरकी रेघ आहे असं मला वाटतं. आधीपासून होती की त्या दिवसाची, ठाऊक नाही. हल्ली मी तुमची खुर्ची पुसते ती चष्मा काढून ठेवून.