हाफ-टाइमचं भाषण

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार
ईदनंतरचा पहिला शुक्रवार. सीझन सुरू. मस्कतमधल्या माजी विद्यार्थ्यांच्या लीगमध्ये यंदा कप आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या कॉलेजने जिंकायचाच. कोच मी, मॅनेजरही मीच. फुटबॉल कधी खेळलो नाही. पण माझ्या वक्तृत्वाच्या ढाली अजून प्रिन्सिपॉलच्या कपाटात आहेत. माणूस धावतो पायांनी, जिंकतो विचारांनी.

वादी अदाईच्या ग्राउंडवर हाफ-टाइमला २-० पुढे. मग मी बोललो. गुलामगिरी, फ्रेंच राज्यक्रांती, लेफ्ट विंग. रेफरीने तीनदा शिट्टी मारली. शेवटी २-३ हरलो. सेकंड हाफमध्ये पोरं हलेचनात. विचारमग्न असावीत.

२३ जानेवारी
डावा हात जड. काल भाषणात उंचावून धरल्याचा परिणाम. पुढच्या वेळी उजवा.

२९ जानेवारी
१-० पुढे, मग १-४ हार. बायकोने, गिरिजाने, टीमसाठी संत्री पाठवली होती. भाषण संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा माझा नियम. विचार आणि संत्रं एका वेळी गिळता येत नाहीत. कॅप्टन जमाल (दाभोळचा, बोलायला फटकळ) म्हणाला, सर, पोरांचे घसे सुकलेत, तुमचा कसा सुकत नाय? मी म्हटलं, ध्येय! बाकीच्यांनी माना डोलावल्या. रुपेशची तर डोलतच राहिली. इतका भारावलेला श्रोता मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्याला खाली बसवावं लागलं.

५ फेब्रुवारी
विजय! ४-१!
रेफरीची गाडी बंद पडली, मॅच उशिरा सुरू झाली, हाफ-टाइमलाच मगरिबची अजान झाली. जमाल, गोलकीपर अमीन आणि आणखी काही पोरं नमाजला. मी अर्थातच गप्प. बाकीचे पाणी पीत बसले. ते परत आले तोवर शिट्टी. भाषण राहूनच गेलं.
निष्कर्ष: मागच्या दोन भाषणांचा असर उशिरा झाला. खोल विचार वेळ घेतोच.

७ फेब्रुवारी
अमीनचा फोन. यापुढे सगळ्या मॅचेस उशिरा ठेवता येतील का? पोराची श्रद्धा वाढतेय, आनंद आहे. विशेष म्हणजे आमच्या रुपेशनेही पाठिंबा दिला. तो तर माझ्यासारखाच बौद्ध. सर्वधर्मसमभाव मुरतो आहे.
उशिरा ठेवणार नाही. भाषण बुडतं.

११ फेब्रुवारी
जिना चढताना घाम. एसी जुना झालाय. जबडाही दुखतो. सुताराचा खांदा दुखतो, वक्त्याचा जबडा दुखणारच. ग्रीसमधला एक वक्ता तोंडात खडे धरून सराव करायचा. वादी अदाईत खड्यांना तोटा नाही. उद्यापासून एक खडा.

१२ फेब्रुवारी
१-१ वरून १-३. खडा धरून बोललो. अमीन म्हणाला, सर, आज तर काय्येक कळलं नाय, तरी आवडलं.

१९ फेब्रुवारी
हरलो. आकडे लिहीत नाही. आकडे माणसाला लहान करतात.

२१ फेब्रुवारी
लेकीने, मैत्रीने, जेवताना मान वर करून पाहिलं. म्हणाली, पप्पा, यू लुक ग्रे. आठवीत गेली, मराठीत सांगता येत नाही. केसांबद्दल असावं. डाय आणायला हवा.
गिरिजा मात्र ताट सोडून उठली. फोन करून रुवीच्या क्लिनिकमध्ये ईसीजीची वेळ घेऊन आली. अहो, माझ्यासाठी, म्हणाली. जाईन. सीझन संपू दे.

५ मार्च
फायनलमध्ये! एका विजयावर चौथ्या जागेने सेमीफायनल गाठली होती. सेमीफायनलच्या प्रतिस्पर्ध्यांची अर्धी टीम कंपनीने हजार किलोमीटरवरच्या सलालाला हलवली. त्यांनी माघार घेतली. कारण काही असो, दबदबा आमचाच.

९ मार्च
छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं. इनो घेतलं. बरं वाटलं. बहुतेक.
संध्याकाळी जमाल घरी आला. मी बाहेरच्या खोलीत गेल्यावर किचनच्या दारात गिरिजाशी हळू बोलत होता: भाभी, सर बोलताना मध्येच छाती धरतात. पोरांना भ्या वाटतं. भाषणाचा परिणाम असा असावा!
गिरिजाने घेतलेली ईसीजीची वेळ उद्याची होती. फायनलनंतरची वेळ मागितली. गिरिजाने क्लिनिकची चिठ्ठी माझ्या खिशात घातली.

११ मार्च
आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण तयार. आरशासमोर केलं. शेवटाला दोनदा बसावं लागलं. शेवट फार प्रभावी आहे.

१७ मार्च, हॉस्पिटल
गिरिजाने आज डायरी दिली. अक्षर वाकडं येतंय.
बारा तारखेची फायनल. हाफ-टाइमला ०-२ मागे. मी म्हटलं, मित्रांनो, आज या वाळूवर. पुढचं आठवत नाही. अमीन सांगतो, तुम्ही हळूच बसलात, आम्हाला वाटलं भाषणाचाच भाग आहे. पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. जमाल आधी धावला. त्याच्याच पिकअपमधून इथे आणलं. थोडा उशीर झाला असता तर, एवढंच म्हणून डॉक्टर थांबले. वाक्य अर्धं सोडायची ही पद्धत मला पटली नाही.
समोरच्या केरळवाल्या टीमने मोठेपणा दाखवला. उरलेला अर्धा खेळ एकोणीसला.
मोठ्याने बोलायला बंदी. भाषण अर्थातच बंद. पोरं कशी जिंकणार? लिहून पाठवतो म्हटलं. गिरिजाने कागद काढून घेतला.

१९ मार्च
३-२. कप आमचा.
संध्याकाळी अख्खी टीम कॉटभोवती. नर्सने यल्ला यल्ला करून बाकीच्यांना घालवलं, जमाल राहिला. मी हळू विचारलं, सुरू करण्याआधी पोरांना काय सांगितलंस?
काय नाय सर, म्हणाला. रिंगण करून उभे राहिलो. तुमची जागा मोकळी ठेवली. कुणाला बोलाया सुचंना. अमीन रडला. मग पाणी प्यायलो, संत्री खाल्ली, नि खेळलो.
पाणी?
हो सर. पाणी.
डायरीत पाच फेब्रुवारीचं पान उघडलं: बाकीचे पाणी पीत बसले.
जाताना तो म्हणाला, पुढच्या सीझनला तुम्ही यायचंच. खुर्ची ठेवू. तुम्ही बसून संत्री सोलायची.
गिरिजा खूप दिवसांनी हसली. माझ्यापुढे एक संत्रं ठेवलं. डाव्या हातात धरवत नाही. उशीला टेकवून उजव्याने सोलतो आहे. सराव हवा.