तांबड्या ओढ्यावर थांबलेली गाडी

कुर्डुवाडी,
२४ मे

प्रिय तात्या,

पत्र बघून दचकू नका. मी ठीक आहे, घरचे ठीक आहेत, गाडीवर साधा ओरखडासुद्धा नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही आईला विचारत बसाल, म्हणून आधीच सांगून टाकते. फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि तिसऱ्याला ‘थांब, आईला देतो’ म्हणून मोकळे होता. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तुमचा डावा कान अधू झालाय, हे मला माहीत आहे. पण नको असलेला विषय निघाला की उजवाही अधू होतो, हेही माहीत आहे. पत्राला ती सोय नाही. शेवटपर्यंत वाचा, मधेच घडी घालून उशाखाली ठेवू नका.

यंदाच्या उन्हाळ्यानं अगदी ताळ सोडलाय. सकाळी असं ऊन की स्टेअरिंगला हात लावताना फडकं धरावं लागतं, आणि दुपारी तीनला वावटळ, काळंभोर आभाळ, गारा. बरं, पडेल तर सगळीकडं पडेल, तेही नाही. परवा स्टँडच्या एका टोकाला पाऊस कोसळत होता आणि दुसऱ्या टोकाला लोक धुरळा झटकत उभे होते. मोबाईलवर रोज कसला ना कसला इशारा येतो, कधी पिवळा, कधी नारंगी. आई म्हणाली की तुमच्या नातेपुत्यात अजून थेंब नाही, फक्त वाऱ्यानं कैऱ्यांचा सडा पडला. लोणचं घालून झालं असेल तर एक बरणी माझ्या नावानं बाजूला ठेवायला सांगा.

आगारातनं तुम्हाला एक जूनच्या वर्धापनदिनाचं निमंत्रण आलं असेलच. नव्या ड्रायव्हरांसमोर तुमचा सत्कार आहे आणि तुम्ही चार शब्द बोलायचे आहेत. ‘वऱ्हाडाची गोष्ट ऐकायचीय सगळ्यांना,’ असं साहेब मला स्वतः म्हणाले. तुम्ही अजून हो की नाही कळवलं नाही, म्हणून ते रोज मला विचारतात. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी मंगळवारची हकीकत सांगते, कारण ती तुमच्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचली असणार.

मंगळवारी माझ्याकडं दुपारची जेऊरची गाडी होती. आडवाटेची, तुमचीच जुनी. पाऊस नाही, गारा नाही, आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन होतं. तरी तांबड्या ओढ्याच्या अलीकडं वळणावर मला मायाप्पाचा फोन आला. मायाप्पा म्हणजे मेंढरंवाला. उन्हाळ्यात तो ओढ्याच्या वरच्या माळावर मेंढरं घेऊन असतो. मागच्या वर्षी त्याच्या आजारी बायकोला मी गाडीतनं दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं होतं, तेव्हापासून आमचं ठरलंय, वर पाऊस झाला की त्यानं मला कळवायचं. तो एवढंच म्हणाला, “ताई, हितं लई धो धो पडलाय. पानी सुटलंय. पूल वलांडू नका.” मी पुलाशी आले तेव्हा पुलावर पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. पुलाच्या कडेचे पांढरे दगड सगळेच्या सगळे दिसत होते. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात टाकली.

गाडीत चौतीस माणसं होती. पाच मिनिटांत एकेकाला कंठ फुटला. घोट्याएवढ्या पाण्याला घाबरणारी ड्रायव्हर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती म्हणे. मागनं एकजण ओरडला, “बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.” माझी कंडक्टर बुद्धप्रिया त्याच्यावर अशी काही उसळली की तो खिडकीबाहेर बघायला लागला. ते मला नवीन नाही. लागलं ते महादेवीआजीचं. तुम्ही ओळखता तिला, वस्तीवरची, बाजारात शेंगा विकते ती. ती उठून माझ्याजवळ आली आणि मायेनंच म्हणाली, “आगं, तुजा बाप असता तर एव्हाना आमी घरी जाऊन भाकरी थापली असती की. हितनंच वऱ्हाड काढलं हुतं त्यानं. तुला कसं येईना?” सगळी गाडी माना डोलवायला लागली. मी म्हटलं, आजी, माझ्या बापाला येत होतं ते सगळं मला येतं, पण आज मी जाणार नाही. आणि बाटलीतलं पाणी तिला प्यायला दिलं.

त्या वऱ्हाडाची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, तात्या! मी स्वतः गाडीत होते, तरी लोक ती मलाच सांगतात. बावीस वर्षं झाली. मी नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी, तुमच्याशेजारी इंजिनाच्या झाकणावर पोतं टाकून बसलेली. गाडीत नवरदेवासकट सगळं वऱ्हाड, मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि ओढ्याला असंच ऊन असताना आलेलं पाणी. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी तुमची विनवणी केली, पोरांनी तुम्हाला चढवलं. तुम्ही उतरून कडेचे दगड बघून आलात. दगडांची डोकी दिसतायत तोवर रस्ता आहे, हा तुम्हा सगळ्या ड्रायव्हरांचा हिशेब होता. मग तुम्ही गाडी घातलीत. मधोमध डावीकडचं मागचं चाक एकदम खाली बसलं, बायका किंचाळल्या, मी झाकणावरनं घसरून तुमच्या गिअरवर आले. तुम्ही मला एका हातानं बाजूला ढकललंत, गाडी गुरगुरली आणि वर आली. मांडवात नवरदेवाच्या आधी तुम्हाला फेटा बांधला, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. मी त्या दिवशी इतकी ताठ चालत होते की आईनं विचारलं, मान लचकली का म्हणून.

पण लोकांना माहीत नसलेला एक भाग मला माहीत आहे. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तुम्ही मला मांडवामागच्या रसाच्या गाड्यावर घेऊन गेलात. तुमच्या हातातला पेला इतका हलत होता की निम्मा रस माझ्या फ्रॉकवर सांडला. मग तुम्ही गाड्यामागं जाऊन ओकलात. परत आलात, माझं तोंड पुसलंत आणि म्हणालात, “आईला सांगू नको.” मला तेव्हा खोकला झाला होता आणि आईनं गार काही द्यायला बंदी केली होती. मला वाटलं, रस प्यायलेला सांगायचा नाही. तुम्हाला हसू येईल, पण बावीस वर्षं मी रसाचं गुपित राखलं. लग्न झाल्यावरसुद्धा आईला सांगितलं नाही.

मंगळवारी मी थांबल्यावर दहाएक मिनिटांत पलीकडच्या काठावर आमच्याच आगाराची गाडी आली. सिद्धांतची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. सव्वीस वर्षांचा आहे, नोकरीला सहा महिने झालेत, मुलगी अजून चालायलाही लागलेली नाही. हात चांगला आहे त्याचा. तो उतरला, कडेला उभा राहून दगड बघितले, हुबेहूब तुम्ही बघितले होते तसे, आणि गाडीत चढून पाण्यात घातली. मी हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही. बुद्धप्रिया लाल ओढणी काढून पुलाच्या तोंडाशी जाऊन ती दोन्ही हातांनी हलवत होती. त्याची पुढची चाकं पाण्यात होती. तो थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे, मला तर तास वाटला. मग गाडी हळूहळू मागं गेली. त्यानंतर वरनं लोट आला, तांबडा, झाडांची खोडं घेऊन. दगडांची डोकीही दिसेनाशी झाली. मघाचा तो ओरडणारा माणूस खाली उतरून रस्त्यावरच बसला.

सहाच्या सुमाराला पाणी ओसरलं. मी आणि सिद्धांत दोन बाजूंनी चालत पुलावर गेलो. कडेचे दगड सगळे जागच्या जागी होते, एकही हलला नव्हता. आणि त्यांच्या आत, डावीकडं, रस्ताच नव्हता. बाजेएवढा खड्डा, आणि खाली नुसता काळोख. पाण्यानं मधला भराव खाऊन टाकला होता आणि दगड तसेच उभे. तात्या, तिथं उभं राहिल्यावर मला ते चाक खाली बसलेलं पुन्हा जाणवलं. तुमचा हिशेब चुकला होता. तुमच्या हुशारीनं नाही, वीतभर उरलेल्या रस्त्यानं आपल्याला वाचवलं होतं, आणि हे तुम्हाला त्याच दिवशी, त्या रसाच्या गाड्यामागं कळलं होतं. मला रडू आलं. बुद्धप्रियाला वाटलं, लोकांच्या बोलण्याचं लागलं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला, मी तिला काही सांगितलं नाही.

सिद्धांतला मी झापणार होते. तोंड उघडलं, तर तोच आधी म्हणाला, “मॅडम, तात्यांनी काढली हुती की. दगडं दिसत हुती, म्हनून घातली.” त्याला तुमची गोष्ट पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलेली. मी त्याच्यावर काय चिडणार? त्याच्या गाडीत एकेचाळीस माणसं होती. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तुमच्या जावयानं, अजिंक्यनं दोनदा विचारलं, मी डोकं दुखतंय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी सिद्धनाथकाकांकडं गेले. आठवतात ना, तुमच्या वेळचे स्टँडवरचे कंट्रोलर? आता पार थकलेत, पण डोकं शाबूत आहे. मी विचारलं, वऱ्हाडानंतर तात्यांनी पाण्यात गाडी पुन्हा कधी घातली? ते हसले आणि म्हणाले, “घातली? आगं, त्यानंतर तुजा बाप बोटभर पानी बघून बी थांबायचा. अकरा टायमाला थांबला. ल्येट झाला म्हून शिव्या खायला मी हुतो न्हवं, मला पक्कं ठावं.” एकदा म्हणे लग्न चुकलेल्या लोकांनी गाडीची काच फोडली आणि तुमच्या कपाळाला टाका पडला. आम्हाला तुम्ही सांगितलं होतंत की बॉनेटचा दांडा लागला. अकरा वेळा तुम्ही थांबलात, तात्या, आणि त्यातल्या एकाही वेळी कुणी फेटा बांधला नाही. मला तुमचा इतका अभिमान वाटला की त्यांच्या ओट्यावर बसून मी दोन कप चहा प्यायले आणि दोन्हींत साखर नव्हती हे घरी आल्यावर लक्षात आलं.

आता पत्र कशासाठी ते सांगते. एक जूनला या. नाही म्हणू नका, गुडघ्याचं कारण सांगू नका, मी स्वतः न्यायला येते. साहेब तुम्हाला वऱ्हाडाची गोष्ट सांगायला लावतील, समोर सिद्धांतसारखी चाळीस पोरं असतील आणि आठवडाभरात खरा पावसाळा लागेल. ती गोष्ट सांगा, पण रसाच्या गाड्यापर्यंत सांगा. ‘माझं चुकलं होतं, दगडांवर विश्वास ठेवू नका’ असं तुमच्या तोंडून ऐकलं तर ती ऐकतील. मी सांगितलं तर म्हणतील, बाई आहे, घाबरते. आणि मग त्या अकरा वेळांबद्दल सांगा. तुम्हाला लाज वाटेल, मला माहीत आहे. मी पहिल्या रांगेत बसेन, आईलाही शेजारी बसवेन, तिलाही एकदा कळू दे. सांगता सांगता अडलात तर हेच पत्र खिशातनं काढा आणि सिद्धांतच्या हातात द्या. तो मोठ्यानं वाचेल. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही, पण त्यानं ते सगळ्यांसमोर वाचावं म्हणूनच मी हे पत्र लिहिलंय.

तुमच्याच गाडीत वाढलेली, तुमचीच
ऋतुजा