यायरच्या खेळाविषयी माझा अभिप्राय

पनवेल,
रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५

चि. सूनबाई मिल्का हिस हायम आपटेकर याचे शालोम व अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. चि. तोवाचा दात पडल्याचे वाचून आनंद वाटला. यायरला देवाघरी जाऊन पुढील महिन्यात वर्ष होईल. त्या दिवशीच्या स्मरणप्रार्थनेसाठी सिनेगॉगमध्ये लागणारे दहा पुरुष जमतील, अशी व्यवस्था केली आहे.

तू विचारतेस, यायरचा जुना व्हिडिओ गेम विश्वजीत तोवासाठी पाठवू इच्छितो, तो आठ वर्षांच्या मुलीस योग्य आहे काय? ‘तुम्ही यायरला तो बंद केला होता, तेव्हा काही कारण असेल,’ असेही लिहितेस. मी चौथीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. तथापि तपासल्यावाचून अभिप्राय देणार नाही.

विश्वजीत हा आमच्या शेजारचा, यायरचा शाळासोबती. मी घराबाहेर टाकलेले ते यंत्र त्याने इतकी वर्षे जपले, हे मला ठाऊक नव्हते. बुधवार ते शुक्रवार त्याने सकाळी येऊन ते टीव्हीला जोडले व मी स्वतः खेळलो. रणगाडे आहेत, विटांच्या भिंती आहेत, त्यांच्या आड एक पक्षी राखायचा असतो. गोळ्या सुटतात, परंतु रक्त दिसत नाही, अपशब्द ऐकू येत नाही. हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून खेळता येते. मला दोष सापडला नाही.

आता बंदीचे कारण. हा खेळ हिंसा शिकवतो, असे मी यायरला सांगितले होते. वास्तविक मी तो पाहिलाच नव्हता. एका शनिवारी शब्बाथची प्रार्थना आटोपून चार मंडळींसह घरी आलो, तो टीव्ही चालू आणि समोर यायर व विश्वजीत. त्या दिवशी आपण दिव्याचे बटणही दाबत नाही, हे तू जाणतेस. मंडळींदेखत मी यायरला पट्ट्याने मारले. तो बारा वर्षांचा होता. पुढे तो माझ्याशी कामापुरतेच बोलला, आणि अठराव्या वर्षी इस्राएलला निघून गेला.

शुक्रवारी मी हे विश्वजीतपाशी काढले. तो म्हणाला, “काका, शनवारी त्यानं कधी हात नाय लावला. खेळायचो मी. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा आणि नुसतं सांगायचा, डावीकडे वळ, भिंत सांभाळ.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“बोललो की. तुम्ही म्हणालात, आमच्या धर्मात तू तोंड घालू नकोस.”

मी तसे म्हणालो होतो. मला आठवते.

त्या मंडळींपैकी आता एकच गृहस्थ हयात आहेत. काल त्यांच्या घरी चालत गेलो व सांगितले, माझ्या मुलाने नियम मोडला नव्हता. त्यांना तो प्रसंगच आठवेना. चहा घेऊन जा म्हणाले.

खेळ मुलीस योग्य आहे. अवश्य दे. आजोबांनी बाबांना का खेळू दिला नाही, असे तिने विचारल्यास माझी बाजू सावरून घेऊ नकोस. तिच्या बाबांनी शब्बाथ पाळला होता, एवढे मात्र आधी सांग.

तुझी हरकत नसेल तर,
यायरचा बाप म्हणवणारा,
हायम एलियाज आपटेकर